‘मला जमत नाही’ असं म्हणू नकोस

मोबाइलवरचं काम अडलं की तुझं एक वाक्य ठरलेलं असतं : “ताई, मला नाही गं हे जमत.” अर्ज अर्ध्यात उडाला, ओटीपीची वेळ संपली, फोटो चढेना, की हेच. म्हणून आज जरा निवांत बस आणि माझं ऐक. सासूबाईंची औषधं, मुलांच्या फिया, घराचा हप्ता, बचतगटाचा हिशोब, सगळं तू चोख सांभाळतेस. अशा बाईला एक अर्ज भरता येत नाही, हे मला कुणीही सांगितलं तरी पटणार नाही. तो अर्जच नीट बनवलेला नाही.

हे तुझ्या समाधानासाठी म्हणत नाहीये. माझं कामच सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. ॲप लोकांच्या हातात पडण्याआधी ते कुठे अडतं, कुठे मोडतं, हे आम्ही शोधतो. बनवणारी मुलं हुशार असतात, मनाने वाईट मुळीच नसतात. पण ती ज्या परिस्थितीत ॲप चालवून बघतात, ती तुझी नसते. त्यांचा फोन नवा, ऑफिसचं वायफाय जोरात, आणि कोणतं बटण कुठे आहे ते त्यांनीच ठेवलेलं, त्यामुळे पाठ. चाचणीसाठी खोटं नाव टाकतात तेही छोटं, सोपं, मधलं नाव नसलेलं. मुदत जवळ आली की पहिली कात्री लागते ती खऱ्या माणसाला समोर बसवून ‘बघा बरं वापरून’ म्हणण्याच्या कामाला. मग ते ॲप तुझ्यापर्यंत येतं : जागा भरलेला फोन, नेटवर्कची एक दांडी, गॅसवर दूध, आणि शाळेची रिक्षा दारात. या बाईचा विचार त्यात कुणी केलेलाच नसतो.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. जन्मतारखेचा रकाना. सासूबाईंचं जन्मसाल १९४८. रकान्याला बोट लावलं की कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्याचं. बाजूला एक छोटा बाण. तो दाबला की एक महिना मागे. १९४८ पर्यंत असं जायचं तर नऊशेहून जास्त वेळा बाण दाबावा लागेल. पुष्कळ ॲपमध्ये वरचं वर्ष दाबलं की वर्षांची यादी उघडते. पण तिथे ना बाण, ना रेघ, ना सूचना. ते दाबायचं असतं हे कळायला काही खूणच नाही. जन्मतारीख बहुतेकांना तोंडपाठ असते. साधे आकडे लिहू दिले असते तर काम कधीच संपलं असतं. आता मला सांग, यात तुझं काय चुकलं?

ओटीपीचंही तसंच. आकडे बघायला मेसेजमध्ये गेलीस आणि परत आलीस, तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. यावर एक उपाय लक्षात ठेव. मेसेज आला की ॲप सोडू नकोस. वरून बोटाने पडदा खाली ओढ, तिथेच आकडे दिसतात, ते बघ आणि टाक. पण हेही तुला मी सांगावं लागतंय, ॲपने सांगितलेलं नाही.

माणसं स्वतःलाच दोष देतात ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी टिपून ठेवली आहे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. दार ओढायचं की ढकलायचं हे त्या दाराकडे बघून कळलं पाहिजे, नसेल कळत तर दार चुकीचं आहे, असं त्याचं साधं म्हणणं. मोबाइल घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज त्या दाराच्या जागी तुझ्या हातातला फोन आहे.

आणि पडद्यावर व्यवहार करणं हेच ज्यांचं काम, त्यांचंही असंच होतं बरं. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत सिटी बँकेला एका कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. पडद्यावर तीन चौकोनांत खूण करायला हवी होती, केली गेली एकाच चौकोनात. गेले जवळपास ९० कोटी डॉलर. तीन माणसांनी तो व्यवहार पाहून मंजूर केला होता आणि तिघांनाही ते बरोबरच वाटलं, कारण खरे पैसे कुठे निघालेत हे पडदा स्पष्ट सांगतच नव्हता. बँकेत वर्षानुवर्षं हेच करणारी माणसं फसतात, तर तू घाईत एखादं बटण चुकलीस म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

आपल्या इथलीच एक गोष्ट सांगते, ती मला फार मोलाची वाटते. २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी केंद्र सरकारचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. सेविकांना दिलेले सरकारी मोबाइल जुने झालेले, तापायचे, अडकायचे. आणि ॲप इंग्रजीत. मराठीतून उत्तम रजिस्टर लिहिणाऱ्या बायकांना इंग्रजी पडद्यासमोर बसवलं. त्या बायकांनी काय केलं? ‘आम्हाला येत नाही’ म्हणून मान खाली घातली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर हजारो सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मराठीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. आज ते ॲप मराठीतही चालतं. चूक कुणाची हे त्यांनी नेमकं ओळखलं आणि एकत्र येऊन बोलल्या, म्हणून हे झालं.

गप्प राहिलं तर काय होतं, तेही ऐक. ब्रिटनमध्ये टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशोबाची प्रणाली बसवली. तिच्यात दोष होते. खेडोपाडी टपाल कचेरी चालवणाऱ्या माणसांच्या हिशोबात तूट दिसायला लागली, प्रत्यक्षात पैसे कुठेच गेलेले नसताना. मदतीसाठी फोन केला की अनेकांना सांगितलं गेलं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. प्रत्येकाला वाटलं, मीच एकटा. काहींनी घरचे पैसे घालून तूट भरली. नऊशेहून जास्त माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे ठपके बसले, काही तुरुंगात गेले. त्यांत आपल्याकडून तिकडे गेलेल्या घरांतली माणसंही होती. २०१९ मध्ये न्यायालयाने दोष प्रणालीत होते हे मान्य केलं, आणि २०२४ मध्ये खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या गेल्या. म्हणून सांगते, ‘असं फक्त तुमच्याच फोनवर होतंय’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. शेजारणीला विचार, बचतगटात विचार. तिचंही तिथेच अडलेलं असतं.

आता नावाचं दुखणं. याचा जाच आपल्या बायकांना सगळ्यात जास्त. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं. आधारवर एक, पॅनवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. त्यात इंग्रजीतून आपोआप मराठी करणारे अर्ज ‘काळे’चं ‘काले’ करून टाकतात, कारण इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच. मग पडदा म्हणतो, नाव जुळत नाही. कोणत्या अक्षरात, कोणत्या कागदात, ते मात्र सांगत नाही. हा दोष तुझ्या नावात नाही, नाव समजून न घेणाऱ्या रचनेत आहे. पण कागद आपल्यालाच सांभाळायचेत, तेव्हा एवढं कर. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग एका वहीत अक्षर न अक्षर लिहून ठेव आणि यापुढे प्रत्येक अर्जात तेच टाक. पॅन आणि बँक खातं त्याच्याशी जुळवून घे. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्र स्कॅन करून ठेव, मूळ प्रतही आणि लहान आकाराचीही. म्हणजे ‘फाइल २०० केबीपेक्षा कमी हवी’ असं म्हणणाऱ्या अर्जापुढे शेवटच्या रात्री धावपळ होत नाही.

रचना करणाऱ्याने आयुष्य किती अपुरं पाहिलेलं असतं, ते २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत दिसलं. बाईचा ओटीपी झाला की पुढे पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागत होते. ज्या बाईचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचं? अशा बायका थोड्याथोडक्या नसतात, प्रत्येक गल्लीत असतात. ओरड झाली, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून त्यांच्यासाठी सोय करावी लागली. ती रचना करताना अशी एक बाई खोलीत बसवली असती, तर पहिल्याच दिवशी हे लक्षात आलं असतं.

आतापर्यंत सांगितलं ते निष्काळजीपणाचं. पण काही ठिकाणी गोंधळ मुद्दाम घातलेला असतो, तो वेगळा ओळखायला शीक. ‘घ्या’ हे बटण मोठं, हिरवं. ‘नको’ हा शब्द बारीक, फिका, कोपऱ्यात. तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली. ‘फक्त दोनच शिल्लक’ असं लाल अक्षरात. सुरू करायला एक बोट पुरतं, बंद करायला पाच पानं आणि एक फोन. ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ असं बटण, म्हणजे नकार देताना तुलाच अपराधी वाटावं. आणि उलटा प्रश्न : ‘जाहिराती पाठवू नयेत असं आपल्याला वाटत नाही का?’ आता ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’? असा प्रश्न आला की थांब. दोनदा मोठ्याने वाच. तरी कळला नाही, तर त्या क्षणी उत्तर देऊ नकोस.

या क्लृप्त्यांना इंग्रजीत ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हे नाव २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या रचनाकाराने दिलं. आणि तुला माहीत असायलाच हवं असं सांगते : आपल्या देशात याविरुद्ध नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. अशा १३ प्रकारांची यादीच त्यात दिली आहे : खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू घालणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, गोंधळात टाकणारा प्रश्न विचारणं, वगैरे. तेव्हा पुढच्या वेळी टोपलीत न मागितलेलं काही दिसलं, तर ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणू नकोस. ते तिथे टाकायला त्यांना मनाई आहे.

आता पैशाचं. इथे मात्र तू पक्की राहिली पाहिजेस. पैसे भरताना गोल फिरत राहिलं तर पुन्हा बटण दाबू नकोस. आधी बँकेचा मेसेज बघ, खात्याचा उतारा बघ. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. यूपीआयवरून माणसाच्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तू न मागता द्यायची. हे कुठलंही ॲप तुला मोठ्या अक्षरात सांगत नाही, म्हणून मी सांगते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून ठेव आणि बँकेकडे तक्रार नोंदव.

ॲप अडलं की आपण घाबरून गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो. नेमक्या त्याच घडीची चोर वाट बघत असतात. तिथे त्यांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर नेहमी कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपमधलाच घे. पलीकडचा माणूस ‘एक ॲप उतरवून घ्या, मी तुमचा स्क्रीन बघून सांगतो’ म्हणाला, की तिथेच फोन ठेव. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जातात, एवढं पाठ कर. चुकून काही झालंच तर लगेच १९३० या नंबरवर फोन कर आणि बँकेला कळव. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोष तुझा नाही आणि बँकेचाही नाही अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंस तर नुकसान तुझ्यावर येत नाही. म्हणून लाजेने गप्प बसायचं नाही. ‘लोक काय म्हणतील’ यात गेलेला दिवसच सगळ्यात महाग पडतो.

महिन्याकाठी आपोआप कापले जाणारे पैसेही एकदा बघ. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असा भाग असतो. तिथे कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती यादी दिसते आणि तिथूनच ती रद्द करता येते. ज्या ॲपने ‘बंद करा’ दडवून ठेवलंय, त्याच्या मागे फिरायची गरज पडत नाही.

घरातल्या मोठ्यांबद्दल एक मनापासून सांगते. बाबा तिसऱ्यांदा तेच विचारतात तेव्हा आवाज चढवू नकोस, आणि त्यांच्या हातातला फोन ओढून घेऊन स्वतः करून टाकू नकोस. त्यांचं बोट बटणावर ठेव, त्यांनाच दाबू दे. फोनमध्ये अक्षर मोठं कर, नको ती ॲप्स पहिल्या पानावरून काढ. हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आहे, आता चेहरा दाखवूनही होतं. पण चेहरा जुळला नाही, बोटांचे ठसे झिजले असले, तर ते काही त्यांचं म्हातारपणाचं अपयश नव्हे. बँकेत जाऊन दाखला देता येतो, टपाल खात्याची घरी येऊन दाखला काढायची सोय आहे. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायला नको.

यावर सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसाला केवायसीचं ॲप म्हणतं, डोळ्यांची उघडझाप करा. ती होत नाही, म्हणून खातं उघडत नाही, सिम मिळत नाही. अंध माणसाला म्हणतं, चौकटीत बघा. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची पद्धत सगळ्यांना वापरता येईल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. देशाचं सर्वोच्च न्यायालय ज्याला हक्क म्हणतं, त्यासाठी आपण ओशाळायचं कशाला?

आता शेवटचं. तक्रार कर, आणि नीट कर. ‘ॲप चालत नाही, फालतू आहे’ असं लिहिलंस तर आमच्यासारख्यांना त्यातून काहीच हाती लागत नाही. चार गोष्टी लिही : मी काय करत होते, कोणत्या पानावर होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि स्क्रीनशॉट, पण त्यातला खाते क्रमांक आणि ओटीपी झाकून. हे मराठीत लिही, खुशाल लिही. अशी नेमकी तक्रार आली की ती बाजूला सारता येत नाही, हे मी रोज बघते. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५, मराठीतूनही बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. मापात मारणाऱ्या दुकानदाराला जाब विचारायची सवय आपल्याकडे जुनी आहे. तीच सवय फोनमधल्या दुकानालाही लागू कर.

तेव्हा यापुढे काम अडलं, तर ‘मला जमत नाही’ हे शब्द तोंडातून काढू नकोस, आणि लेकीच्या कानावर तर मुळीच पडू देऊ नकोस. ‘हे ॲप नीट बनवलेलं नाही’ असं म्हण, स्क्रीनशॉट काढ आणि आजच तक्रार लिही. लिहिताना अडलीस तर मला फोन कर, आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
ताई